आधी लिही, मग ओत

बाईंच्या घरी गेलं की चहाच्या आधी कागद यायचा. पाठकोऱ्या पानाचा चतकोर तुकडा आणि टोक केलेली पेन्सिल. बाई आतून विचारायच्या, "आज गुळाचा आहे. दूध फाटेल की नाही, लिही." आपण लिहायचं, घडी घालायची आणि ती बशीखाली ठेवायची. मग बाई दूध ओतायच्या. फाटलं तर फाटलेला चहा गाळून प्यायचा, नाही फाटलं तर नीट प्यायचा. पण घडी उघडून बरोबर की चूक हे पाहिल्याशिवाय कपाला हात लावायचा नाही. संगमनेरच्या त्यांच्या गल्लीतल्या शेजारणींनी या प्रकाराला कंटाळून त्यांच्याकडे चहाला जाणं कधीच सोडलं होतं. बाईंना त्याचं काही वाटत नसे. ज्यांना नुसता चहा हवा त्यांनी हॉटेलात जावं, असं त्यांचं मत होतं.

बाई गेल्या त्याला आता दोन महिने होतील. मी हे दिवसाला चार-पाच ओळी असं लिहिते आहे. घाईने लिहिलेलं त्यांना चालत नसे, आणि मलाही अजून घाईने लिहवत नाही.

आमच्या डाळिंबाच्या बागेत खताच्या टाकीवर आज माझा हात चालतो. काय टाकायचं, किती, कधी, हे मी ठरवते. एका उन्हाळ्यात माझा हात तिथून काढून घेतला होता, आणि बाईंनी तो परत तिथे ठेवला. मला ते सांगायचं आहे. पण बाई कशा होत्या हे आधी सांगितलं नाही तर त्यातलं काही कळायचं नाही.

त्या आम्हाला कॉलेजात केमिस्ट्री शिकवायच्या. उंच, किडकिडीत, कायम फिक्या सुती साडीत. बोटांवर आणि पदराच्या काठावर काळे-तपकिरी ठिपके असायचे. सिल्व्हर नायट्रेटचा थेंब अंगावर पडला की उजेडात तो काळा पडतो, आणि साबणाने जात नाही. भाजीबाजारातल्या मावशी दर आठवड्याला विचारायच्या, बाई, मेंदी बिघडली का हो. बाई दर आठवड्याला गंभीरपणे सांगायच्या की मेंदी नाही, चांदी आहे. मग मावशी त्यांना कोथिंबीर जरा जास्त द्यायच्या. मला वाटतं, दयेपोटी.

दोन स्वच्छ पाण्यासारखी द्रावणं एकत्र केली की काही वेळा क्षणात पांढरं, पिवळं, निळं काहीतरी तयार होतं आणि हळूहळू तळाला बसतं. पुस्तकात त्याला अवक्षेप म्हणतात. बाई साका म्हणत. कशात काय मिसळलं की साका बसतो आणि कशात बसत नाही, याचे नियम असतात, आणि मुलं ते पाठ करून परीक्षेनंतर विसरतात. बाईंचे नियम कुणी विसरलं नाही, कारण त्यांनी सगळ्या क्षारांची सोयरीक लावून ठेवली होती. नायट्रेट म्हणजे गुणाची सून, कुठल्याही घरात द्या, विरघळून जाते. सोडियम, पोटॅशियम आणि अमोनियम हे तीन भाऊ, त्यांचं कुणाशीच भांडण नाही. क्लोराइड सगळ्यांशी गोड, फक्त चांदी, शिसं नाहीतर पारा समोर आला की तो खाली बसलाच. आणि कार्बोनेट, फॉस्फेट ही हट्टी माणसं. त्या तीन भावांपैकी कुणी असेल तरच पाण्यात राहतील, नाहीतर पाण्यात उभी राहणार नाहीत. हे सांगताना बाई कधी हसल्या नाहीत. वर्ग हसायचा, त्या थांबायच्या, मग पुढचा क्षार.

प्रयोगशाळेत त्यांचा कायदा एकच होता. आधी लिही, मग ओत. परीक्षानळीत दुसरं द्रावण ओतायच्या आधी काय होणार ते वहीत लिहायचं: साका बसेल की नाही, बसला तर कोणता, रंग कोणता. पहिल्याच महिन्यात मी न लिहिता मिठाच्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेट ओतलं. दह्यासारखं पांढरं झालं, आणि मला ते इतकं आवडलं की मी घाईघाईने वहीत 'पांढरा साका' असं लिहून टाकलं. बाई मागेच उभ्या होत्या. त्यांनी ती ओळ वाचली आणि म्हणाल्या, "हे भाकीत नाही, ही बखर आहे. झाल्यावर काय, कुणीही लिहील."

मी तेव्हाही फार बोलणारी नव्हते. वर्गात उत्तर येत असलं तरी हात वर करायची नाही. बाईंनी ते ओळखलं होतं. एकदा मला स्टाफरूममध्ये बोलावून त्यांनी एवढंच सांगितलं की बोलता येत नसेल तर हरकत नाही, पण लिहायला तोंड लागत नाही.

स्वतःच्या चुकाही त्या लिहून ठेवत. एका एप्रिलमध्ये त्यांनी फळ्यावर लिहिलं की शिशाच्या द्रावणात क्लोराइड टाकलं की पांढरा साका बसेल. टाकलं, आणि काहीच झालं नाही. नळी नितळच राहिली. मागच्या बाकावरची मुलं खूश झाली. बाईंनी वही उघडली, आपल्या वाक्यावर एक सरळ रेघ मारली आणि खाली लिहिलं, 'बसला नाही.' खाडाखोड करायची नाही, पान फाडायचं नाही, एकच रेघ मारायची आणि खाली खरं ते लिहायचं, ही त्यांची पद्धत. तासाच्या शेवटी आम्ही नळ्या धुवायला घेतल्या तर त्या नळीत सुयांसारखे चकचकीत स्फटिक पडले होते. द्रावण गरम होतं, निवल्यावर साका खाली आला. बाईंनी परत वही उघडली आणि दुसऱ्या ओळीवरही रेघ मारली. तिच्याखाली लिहिलं, 'बसला. मी थांबले नाही.' ते पान त्यांनी पुढची कित्येक वर्षं प्रत्येक नव्या वर्गाला दाखवलं.

बी.एस्सी. झाल्यावर माझं लग्न झालं. सासर नेवाशाकडचं, शनिशिंगणापूरच्या रस्त्यापासून थोडं आत. माझे मालक भिंगारला लष्कराच्या वर्कशॉपमध्ये नोकरीला, रविवारी घरी. घरी सासरे, सासूबाई, मी आणि डाळिंबाची बाग. सासऱ्यांना सगळे आप्पा म्हणतात. पहिल्याच वर्षी आप्पांनी मला खताच्या टाकीपाशी उभं केलं आणि गावातल्या चार जणांना ऐकू जाईल असं सांगितलं की आमची सून सायन्सवाली हाय, आता खताचं हीच बघनार. टाकीतलं खत ठिबकच्या पाण्यात ओढलं जातं आणि नळ्यांमधून थेंबाथेंबाने प्रत्येक झाडाला पोचतं. टाकीत काय पडतं यावर बाग चालते. त्या घरात माझ्या शिक्षणाला जागा मिळाली ती तिथे. मी ती टाकी दर वेळी घासून धूत असे.

सोमवारी कॅल्शियम नायट्रेट आणि गुरुवारी बारा-एकसष्ट, म्हणजे फॉस्फेटचं खत, असं आमचं चाललं होतं. त्या उन्हाळ्यात शेतीची लाइट कमी झाली. मोटार चालायची ती आठवड्यातून मोजके दिवस, दुपारचे काही तास. एका सोमवारी आप्पा दोन्ही पिशव्या घेऊन आले आणि म्हणाले, दोन्ही एकाच टाकीत टाक, एका लाइटीत उरकून घिऊ.

मी पिशव्यांवरची नावं वाचली. कॅल्शियम. फॉस्फेट. मला हट्टी माणसं आठवली. मी थोडा वेळ तशीच उभी राहिले, मग दोन्ही ओतलं. पाणी जरासं दुधाळ झालं. मी काठीने ढवळलं. आप्पा म्हणाले खताचा रंगच तसा असतोय, आणि मी मान हलवली.

तीन-चार आठवड्यांत शेवटच्या ओळींचे ड्रिपर, म्हणजे नळ्यांची थेंब सोडणारी तोंडं, बंद पडायला लागले. लिंबाएवढी फळं झाली होती, ती देठ पिवळा पडून गळू लागली. आप्पांनी एक ड्रिपर उपटून दगडावर आपटला तर आतून पांढरी भुकटी पडली. त्यांनी ती चिमटीत घेतली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, टाकी धुयाचा आळस केला. सासूबाई म्हणाल्या, शिकलेल्या हाताला कामाची सवय न्हाई, त्याला ती तरी काय करनार. ते त्यांनी माझी बाजू घेऊन म्हटलं होतं, तेच जास्त लागलं. दुसऱ्या दिवसापासून टाकीवर आप्पा स्वतः जाऊ लागले. तेही दोन्ही खतं एकत्रच टाकत होते. आणखी दोन ओळी बंद पडल्या. आप्पा म्हणाले, हिनं केलेली घाण अजून निघतीया.

मला खरं काय ते माहीत होतं आणि ते तोंडातून निघत नव्हतं. माझं ऐकलं नसतं, असं मी स्वतःला सांगत होते. शेवटी मी बाईंना फोन केला. त्या तोवर निवृत्त झाल्या होत्या. त्यांनी एवढंच विचारलं की पिशव्यांवर काय छापलंय ते वाच. मी वाचलं.

"मी येते," बाई म्हणाल्या. "तू त्यांना काही समजावू नकोस. समजावून काही विरघळत नाही."

त्या एसटीने आल्या. मांडीवर पिशवी, पिशवीत काचेच्या दोन बरण्या आणि एक बाटली. शिंगणापूरच्या गर्दीची गाडी, त्यामुळे कंडक्टरने विचारलं की आजी, शनीला तेल का. बाईंनी त्याला सांगितलं की तेल नाही, बाटलीत ॲसिड आहे, जरा धक्का न लावता चालवायला सांगा. मग शेजारची बाई उठून मागे गेली आणि आपल्याला ऐसपैस जागा मिळाली, हे त्यांनी उतरल्या उतरल्या मला समाधानाने सांगितलं.

आप्पांनी त्यांचं नीट स्वागत केलं. सुनेच्या मास्तरीण आल्यात म्हणून सासूबाईंनी चांगली चटई काढली. बाई ओट्यावर बसल्या आणि विहिरीचं पाणी मागवलं. प्यायचं नको, बागेला जातं तेच. एका बरणीत त्यांनी एक खत घातलं, दुसरीत दुसरं, आणि दोन्ही विरघळेपर्यंत ढवळलं. दोन्ही बरण्या नितळ झाल्या. मग पिशवीतून कागदाचे चतकोर तुकडे काढले.

आप्पांच्या हातात पेन्सिल देत त्या म्हणाल्या, "हे दोन्ही एकत्र केलं तर काय होईल, लिहा. खाली सही करा."

आप्पांना सहीचं कागदपत्र म्हटल्यावर आधी संशय आला. मग त्यांनी मोठ्या अक्षरात लिहिलं, 'काही होनार न्हाई', आणि लफ्फेदार सही केली. मी माझा लिहिला, घडी घातली. सासूबाईंना कागद दिला तर त्या म्हणाल्या, मी काय लिवत न्हाई, मी बघते.

"बघणारं कुणीतरी लागतंच," बाई म्हणाल्या आणि एक बरणी दुसरीत ओतली.

काही झालं नाही.

पाणी नितळच होतं. आप्पा वाकून पाहून सरळ झाले, टोपी मागे सरकवली आणि हसू लपवत म्हणाले, "झालं का मॅडम?"

बाईंनी हातातल्या घड्याळाकडे पाहिलं आणि सासूबाईंना म्हणाल्या की चहा टाकाल का. आधी कागद न देता त्यांनी मागितलेला तो एकच चहा मला आठवतो. सासूबाई आत गेल्या नाहीत. बघायचं काम त्यांनी अंगावर घेतलं होतं, त्या बरणीसमोर बसून राहिल्या. आप्पा बाईंना बागेचं क्षेत्र सांगू लागले, झाडांची जात सांगू लागले. मी बरणीकडे पाहायचं टाळत होते.

"अवो," सासूबाई म्हणाल्या, "इकडं बघा. दही लागल्यावानी झालंया."

बरणी दुधाळ झाली होती. आमच्या डोळ्यांदेखत ती आणखी पांढरी झाली, मग त्या पांढऱ्याचे कण दिसू लागले आणि ते सावकाश खाली उतरू लागले. आप्पा उकिडवे बसले. उपटलेल्या ड्रिपरमधली भुकटी त्यांनी कागदात जपून ठेवली होती, मला दाखवायला. तो कागद त्यांनी आणला, बरणीशेजारी उलगडला आणि बराच वेळ दोन्हीकडे पाहत राहिले.

"म्हंजी टाकी धुतली हुती हिनं," ते म्हणाले.

"धुतली होती," बाई म्हणाल्या. मला वाटलं, आता झालं, मी सुटले. पण त्या माझ्याकडे वळल्या. "तुला कधी कळलं?"

"ओतायच्या आधी," मी म्हटलं.

"मग लिहिलं का नाहीस?"

आप्पाच म्हणाले, "मी सांगितलं तिला, एका लाइटीत उरक म्हनून. तिचा काय दोष हाय त्याच्यात?"

"तुम्हाला माहीत नव्हतं, आप्पासाहेब. तिला माहीत होतं. चूक तिची मोठी."

असं त्या माझ्या सासरी, माझ्या सासऱ्यांसमोर बोलल्या. मला त्या क्षणी जितकी लाज वाटली तितकाच अभिमान वाटला. त्या घरात कुणीतरी पहिल्यांदाच असं धरून चाललं होतं की मला काहीतरी माहीत असतं.

मग त्यांनी माझा कागद उघडून मोठ्याने वाचला: 'कॅल्शियम फॉस्फेट. पांढरा. पाण्यात विरघळणार नाही, ॲसिडात विरघळेल.' बाईंनी शेवटच्या दोन शब्दांखाली पेन्सिलने रेघ ओढली आणि पिशवीतली बाटली काढली. साका सल्फेटचा असता तर ॲसिडाने काही झालं नसतं, नळ्या काढून टाकाव्या लागल्या असत्या. फॉस्फेटचा आहे, म्हणून आशा आहे, असं त्या म्हणाल्या. त्यांनी बरणीत थेंब थेंब ॲसिड सोडलं. दही पातळ झालं, ताक झालं, आणि मग पाणी झालं. आरपार आमची बाग दिसू लागली.

"नळीतबी असंच हुईल?" आप्पांनी विचारलं.

बाईंनी कागद पुढे केला. आप्पांनी तो हाताने मागे सारला. आता मी बघनाऱ्यात, म्हणाले.

तोंडाला ओला रुमाल बांधून, आधी पाणी मग त्यात ॲसिड अशा क्रमाने, बाईंच्या देखरेखीखाली मी टाकी भरली. ते पाणी नळ्यांत सोडलं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत तसंच ठेवलं. बाई मुक्कामी राहिल्या. सकाळी लाइट आली तशी आप्पांनी मोटार सुरू केली, आणि मी नळ्यांची शेवटची टोकं उघडत गेले. आधी चुन्यासारखं पाणी भसाभसा आलं, मग गढूळ, मग स्वच्छ. टोकं बंद केली आणि ओळीत उभी राहिले.

पहिल्या झाडाखाली एक थेंब आला. थोडा वेळ काही नाही. मग दुसरा, तिसरा, आणि मग धार तुटेना. सासूबाई पुढे धावल्या. प्रत्येक झाडाशी वाकून त्या ओरडून सांगत होत्या, ह्येबी चाललं, ह्येबी चाललं, ह्ये रडतंय पन चालंल. बाईंनी पदर खोचला आणि दुसऱ्या ओळीने निघाल्या. दोन म्हाताऱ्या बायका दोन ओळींनी झाडं हाकारत चालल्या होत्या आणि मी मधे उभी राहून हसत होते, मोठ्याने. सगळे ड्रिपर उघडले नाहीत. काही बदलावे लागले, गळालेली फळं गेली ती गेलीच. पण शेवटच्या झाडाखालची माती काळी झालेली मी पाहिली.

पुढच्या सोमवारी मी टाकीकडे गेले नाही. कुणी सांगितलं नव्हतं. थोड्या वेळाने आप्पांची हाक आली. ते टाकीच्या कठड्यावर बसले होते, शेजारी एकच पिशवी होती, आणि हातात दुकानातून आणलेली कोरी वही.

"आज काय टाकायचं ते लिव आधी," ते म्हणाले. "मग वत."

ती वही संपली, आता चौथी चालू आहे. बांधापलीकडचे लोक दोन-दोन पिशव्या घेऊन विचारायला येतात, आणि मी बोलायच्या आत आप्पा त्यांच्या हातात पेन्सिल देतात. दुकानदाराने एकदा गमतीने विचारलं की हे शिकवणाऱ्या मॅडम कुठल्या कंपनीच्या. आप्पांनी सांगितलं, संगमनेरच्या.

बाई गेल्या तेव्हा त्यांची भाची संगमनेरहून आमच्याकडे आली. तिच्या हातात कापडात बांधलेल्या अस्थी होत्या आणि एक घडी घातलेला कागद. प्रवरासंगमावर न्यायचं नातेवाइकांचं ठरलं होतं, पण बाईंनी लिहून ठेवलं होतं की नदीत नाही, माझ्या विद्यार्थिनीच्या बागेत. घडीवर लिहिलं होतं, 'ओतल्यावर उघडणे.'

शेवटच्या ओळीच्या टोकाला, जिथले ड्रिपर सर्वांत आधी बंद पडले होते, तिथे आप्पांनी स्वतः खड्डा घेतला. एक नवं रोप आणलं. मी कापड सोडायला वाकले तर आप्पा म्हणाले, थांब. ते घरात गेले आणि वही-पेन्सिल घेऊन आले. आधी मी लिहिलं. मग त्यांनी वही मागून घेतली, गुडघ्यावर ठेवली आणि माझ्याकडे पाठ फिरवून लिहिलं. मग आम्ही अस्थी मातीत ओतल्या, रोप लावलं, माती लोटली आणि बाईंची घडी उघडली.

आत त्यांच्या अक्षरात लिहिलं होतं, 'हाडांत मुख्यतः कॅल्शियम फॉस्फेट असतं. तुझ्या नळ्यांत बसलं होतं त्याच घरातलं. नदीत विरघळणार नाही, तळाला साका होऊन पडेल. मुळांपाशी थोडा आंबटपणा असतो, तिथे विरघळेल आणि झाडाला लागेल. तुमची माती चुनखडीची, म्हणून फार हळू. चुकले असेन तर एक रेघ मार आणि खाली खरं ते लिही.'

मीही जवळपास हेच लिहिलं होतं. आप्पांनी मोठ्या अक्षरात एकच शब्द लिहिला होता, 'हुईल', आणि खाली तीच लफ्फेदार सही.

बाईंचा कागद मी वहीत चिकटवला आणि त्याच्याखाली दोन ओळी मोकळ्या सोडल्या. आप्पांनी विचारलं, त्या कशाला. म्हटलं, बाई चुकल्या असतील तर.

"त्या न्हाई चुकायच्या," आप्पा म्हणाले आणि त्यांनी पाणी सोडलं.